टाके निघाले म्हणजे पोट बरे झाले असे नव्हे



आमच्या पांढुर्णा-सौंसर भागात आंबिया बहाराची तोड आणि कापसाची वेचणी एकदमच येते. दिवाळीच्या आगेमागे घरात एकही हात मोकळा नसतो. अशा वेळी पोटाचे मोठे ऑपरेशन होऊन आलेली बाई किती दिवस खाटेवर राहणार? टाके निघाले की घरचे म्हणतात, "झाली बरी." चार दिवसांत तिच्या डोक्यावर गाठोडे असते. पुढे वर्षा-दोन वर्षांनी जुन्या व्रणापाशी खोकताना फुगवटा दिसतो. तो हर्निया. मग घरातला न्याय ठरलेला : वजन उचलले, दोष तिचाच.

आम्हांस हा न्याय मान्य नाही.

कातडी आठ-दहा दिवसांत जुळते. पण पोटाला आवरून धरणारा आतला चिवट पडदा फार सावकाश सांधतो. दीड महिन्यानेही त्याला पहिले बळ आलेले नसते. म्हणून डॉक्टर साधारण चार ते सहा आठवडे जड उचलू नका म्हणतात. नेमके किती, यावर त्यांच्यातही एकमत नाही. आपल्या डॉक्टरांना विचारून ते कागदावर लिहून घ्यावे. मात्र अंथरुणाला खिळून राहणेही बरे नव्हे. हळूहळू चालावे, खोकताना पोटावर उशी दाबून धरावी, शौचाला कुंथू नये. पट्ट्याने दुखणे कमी वाटते, हे खरे. त्याने हर्निया टळतो असे मात्र सिद्ध झालेले नाही. पट्टा बांधून संत्र्याचे कॅरेट उचलणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

वजनापेक्षाही मोठी कारणे आहेत, आणि त्यांतली पुष्कळशी ऑपरेशनच्या आधीचीच असतात. बिडी, जुना खोकला, आटोक्यात नसलेली साखर, वाढलेले पोट. आणि नंतर जखमेत झालेला पू. बिडी निदान महिनाभर आधी सुटली पाहिजे. खर्राही त्याबरोबरच गेला तर उत्तम! (हे वाचून काही मंडळी पान उलटतील, आम्हांस ठाऊक आहे.) जखम लाल झाली, पाझरू लागली, तर हळद लावून वाट पाहू नये.

काही भाग शिवणाऱ्याच्या हातातही असतो. नेदरलँडमध्ये 560 रुग्णांवर झालेली एक पाहणी 2015 साली प्रसिद्ध झाली. पोटाच्या मधोमध घेतलेला उभा छेद एकेक सेंटिमीटरच्या मोठ्या टाक्यांनी शिवला, तेव्हा वर्षभरात शंभरांत 21 जणांना हर्निया झाला. पाच-पाच मिलिमीटरच्या बारीक टाक्यांनी शिवला तेव्हा 13 जणांना. टाके कसे घालणार, हे डॉक्टरांना नम्रपणे विचारण्यात गैर काय?

तेव्हा आमचे म्हणणे असे. ऑपरेशन तातडीचे नसेल तर डॉक्टरांच्या संमतीने तारीख तोड-वेचणी टाळून धरा. तातडीचे असेल तर एक दिवसही लांबवू नका, आणि तिच्या जागी महिना-दीड महिना मजूर लावा. ती मजुरी डोळ्यांत खुपते. पण पुढे जाळी बसवण्याचे दुसरे ऑपरेशन, नागपूरच्या फेऱ्या आणि पुन्हा तीच खाट, याचा हिशेब कोणी मांडतो काय? घागर मुलाने भरली तर त्याचे काही बिघडत नाही.

फुगवटा आत जाईना, कळा येऊ लागल्या, उलट्या झाल्या, वारा सरेना, तर चोळत बसू नका. त्याच घटकेला मोठ्या दवाखान्यात न्या, रात्र असली तरी.