‘संथ’ हा शब्द गाण्यासाठी नाही

गेल्या प्रायश्चित्तकाळात आमच्या मुलांनी गीताआधी ‘संथ’ हा शब्दच सुरात म्हटला. चर्चमध्ये हशा पिकला. दोष मुलांचा नव्हे. पत्रिकेत तो पहिल्या ओळीला लागून, त्याच टायपात छापला होता. छापले ते त्यांनी गायले.

‘आमचे लोक कानाने शिकतात, भजनाला कागद कशाला?’ असे आम्हांला वारंवार ऐकविले जाते. एकाच गावात, एकाच भजनीबुवांच्या मागे बसून शिकणाऱ्यांना कागद नकोच. परंतु नांदेड-लातूरकडे वसईचे, नगरचे, केरळचे कुटुंब एकाच बाकावर बसते आणि प्रत्येकाची लय निराळी असते. त्यात कीबोर्डचा तयार ठेका! मग अंत्यविधीचे गीत वरातीच्या वेगाने धावते आणि मागची आजी दुसऱ्या कडव्यापासून मुकी होते. १९६३ च्या उपासनाविषयक घटनेने सर्व भाविकांचा सक्रिय सहभाग मागितला होता; त्यात ही आजी येत नाही काय?

संकेत लिहिणे ही परक्यांची खोड नव्हे. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात ज्यापुढे मस्तके झुकतात, त्या गुरू ग्रंथसाहिबात पदांच्या शिरोभागी राग व अनेक ठिकाणी ‘घर’ नमूद असते, टेकेला ‘रहाउ’. आपल्या नामदेवांची ६१ पदे त्याच ग्रंथात आहेत. ते मथळे पद म्हणून कोणी गात नाही. आमच्याच परंपरेत, दहाव्या शतकाच्या सुमारास, स्वित्झर्लंडमधील संत गालच्या मठवासीयांनी स्वरखुणांवर बारीक लॅटिन अक्षरे लिहिली: ‘सी’ म्हणजे त्वरेने, ‘टी’ म्हणजे धरून ठेवा.

युरोपीय छपाईत लयीचा शब्द स्वररेषांच्या वर, ठळक व सरळ असतो. भावाचा शब्द तिरका. लय पुढच्या सर्वांना बांधते, भाव तेवढ्या ओळीपुरता. म्हणून रूपही वेगळे. वाद्यसंगीतात भावसूचना सहसा खाली येते, गायनात मात्र खाली गीताचे शब्द असल्याने तीही वर जाते. आमच्या पत्रिकांत सारेच एका मापाचे, कारण टंकलेखकाला कोणी सांगतच नाही.

नुसते ‘संथ’ही पुरेसे नाही, एकाचे संथ ते दुसऱ्याचे रडगाणे. शीर्षकाखाली ठळक अक्षरांत ताल आणि मिनिटाच्या मात्रा द्याव्यात. ६० मात्रा म्हणजे सेकंदाला एक. भिंतीवरचे घड्याळ पुरते. ‘हळुवार’, ‘उच्च स्वरात’ हे लहान, तिरके, ओळीच्या वर. येत्या आगमनकाळाची पत्रिका अशा खुणांशिवाय आली, तर आम्ही ती छापखान्यात जाऊ देणार नाही.