रुंद चाकांची हौस
टायरचा कारखाना असलेल्या म्हैसूरलगत चामुंडी टेकडीचा वळणावळणाचा रस्ता आहे. अशा रस्त्यावर खाली बसवलेल्या स्पोर्टी गाडीची रुंद चाके मडगार्डला घासू शकतात. रबर कापले गेले, तर टायर फुटण्याचा धोका असतो. म्हणून माप आधी पाहावे. १८५/६० आर १५ म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ६० टक्के आणि रिम १५ इंची. त्याऐवजी त्याच रिमचा १९५/५५ घेतल्यास चाकाचा व्यास जवळपास तोच राहतो. चाके बसवल्यावर मागे तिघांना बसवून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघावे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९च्या निकालानुसार कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत फेरफार चालत नाहीत. तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी आरटीओत विचारावे. हौस जरूर भागवावी, पण घरच्यांचा जीव टांगणीला लावून नव्हे.