चक्कर आली की मणक्यावर ढकलू नका



बंदी सुरू आहे, ३१ जुलैपर्यंत सगळेच घरी आहोत. म्हणून हा विषय आत्ताच मांडतो.

आपल्याकडे कुणाला चक्कर आली की उत्तर ठरलेलं, "मणक्याचं असणार." मग मानेला पट्टा, थोडं मालीश, आणि दोन दिवसांनी माणूस परत बोटीवर. जाळं ओढून, क्रेट उचलून मान-पाठ धरते हे खरंच. पण वय वाढलं की एक्स-रेमध्ये झीज बहुतेकांची दिसते. झीज दिसली म्हणून चक्कर तिच्यामुळेच आली असं होत नाही. मानेमुळे कधी तोल गेल्यासारखं वाटतं, पण शुद्ध हरपणं मानेमुळे क्वचितच होतं.

शुद्ध हरपली असेल तर आधी ईसीजी, बीपी आणि साखर तपासा. उन्हात पाणी न पिता राबलं, उपाशी राहिलं, तरी भोवळ येते. कूस बदलताना घर गरगर फिरत असेल तर ते बहुधा आतल्या कानाचं. हाताला मुंग्या येतात, बटण लावता येत नाही, चाल डळमळते, तर मात्र मानेत मज्जारज्जूवर दाब असू शकतो. तेव्हा एक दिवसही दवडू नका. आणि कुणाकडूनही मान मोडून घेऊ नका. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून लकवा होऊ शकतो.

आता खरी गोष्ट. खलाशी चक्कर लपवतो, कारण सांगितलं तर फेरी जाते, वाटा जातो. म्हणून बोटमालकांना माझं स्पष्ट म्हणणं आहे: बेशुद्ध पडलेल्या माणसाला डॉक्टर हो म्हणेपर्यंत समुद्रात नेऊ नका, पण त्याची कमाईही तोडू नका. तेवढे दिवस त्याला जेटीवर, जाळ्यांच्या कामाला ठेवा. जमिनीवर पडला तर खोक पडते, रात्री बोटीवरून पडला तर माणूसच जातो.

तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, छातीत दुखून चक्कर आली, तर किनाऱ्यावर १०८ आणि समुद्रात तटरक्षक दलाचा १५५४ लगेच लावा.

घरच्या बायांनीही लक्ष ठेवावं. घरचा माणूस "काही नाही गो" म्हणाला तरी बोटी सुटायच्या आधी त्याला एकदा डॉक्टरकडे न्याच.

आपला,
सचिव