क्षमा मिळते, परिणाम टळत नाही

आपण ख्रिस्ती माणसं मुलांना देवाच्या क्षमेबद्दल भरभरून सांगतो आणि पापाच्या परिणामांबद्दल गप्प बसतो. भिलाईलगतच्या रिसालीत मंडळीतल्या तरुणांचा बायबल अभ्यास घेताना मला हे रोज जाणवतं. माझे वडील नगर जिल्ह्यातून भिलाईच्या पोलाद कारखान्यात आले, मीही तिथूनच निवृत्त झालो. त्या पगारावर घरं उभी राहिली. आज इथल्या पोरांच्या हाती कंत्राटी काम आहे, आणि मोबाइल.

महादेव ॲपचं प्रकरण 2023 मध्ये देशभर गाजलं. हे सट्ट्याचं जाळं चालवल्याचा आरोप असलेले सौरभ चंद्राकर आणि रवी उप्पल आमच्याच भिलाईचे. त्या सप्टेंबरात ईडीने 417 कोटींची मालमत्ता जप्त केली किंवा गोठवली. चर्चा झाली ती चंद्राकरच्या परदेशातल्या शाही लग्नाची. पण असं जाळं ज्यांच्या खात्यांवर चालतं, ती पोरं आपल्याच गल्लीतली असतात.

त्यांना सट्टा खेळ असं कोणी सांगत नाही. ‘पासबुक, एटीएम कार्ड आणि एक नवं सिम दे, महिन्याला पैसे घे,’ एवढंच. आमच्या गटातल्या एकाने दिलं. ‘काका, मी कुठे कोणाचं चोरलं?’ असं तो विचारत होता. पुढे परराज्यातल्या सायबर पोलिसांची नोटीस आली आणि खातं गोठलं. कंत्राटदाराकडून मिळणारी त्याची मजुरीही त्याच खात्यात जमा होत होती. आई किराणा उधारीवर आणू लागली.

मत्तयाच्या शुभवर्तमानात 40 दिवसांच्या उपवासानंतर सैतान येशूकडे आला, तेव्हा त्याने आधी राज्य देऊ केलं नाही. आधी भाकरीची गोष्ट काढली. भूक खरी होती, आणि भाकरी खाणं हे काही पाप नव्हे. मोह असाच खऱ्या गरजेचा हात धरून घरात शिरतो. येशूने सैतानाशी घासाघीस केली नाही. तिन्ही वेळा शास्त्रातलं वचन पुढे ठेवलं आणि विषय संपवला. नकार पहिल्याच वाक्यात द्यायचा असतो. दुसऱ्या वाक्यापर्यंत आपण रक्कम विचारलेली असते.

आणि पाय घसरलाच तर? वधस्तंभावरच्या चोराला येशूने सुखलोकाचं वचन दिलं, पण त्याला खाली उतरवलं नाही. जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत करायची तयारी दाखवली. क्षमा देवाबरोबरचं नातं जोडते. माणसांचं देणं आपल्यालाच फेडावं लागतं. व्यासपीठावरून हे स्पष्ट सांगायला हवं, कारण स्वस्त क्षमेची सवय लागलेलं मन पुढच्या मोहाला लवकर बळी पडतं.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. तो हवाच होता. पण रात्री अकराला मेसेज येतो, तेव्हा मुलगा एकटा असतो. म्हणून मंडळीतल्या मोठ्यांनी दोन गोष्टी कराव्यात. असा मेसेज मुलाने निःसंकोच दाखवावा, इतका विश्वास त्याला द्यावा. आणि अडकलेल्याला नुसती प्रार्थना करून घरी पाठवू नये. त्याच्याबरोबर ठाण्यात जावं, खरं सांगायला लावावं आणि खातं सुटेपर्यंत त्याच्या घरी किराणा पोचवावा.