कंडेन्सरलाच नोटीस का?

ऊर्जा परीक्षणाचा नवा तक्ता को-जन कारखान्यांना मिळाल्यापासून आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय एकच आहे. तक्त्यात ‘उष्णतेची हानी’ असा रकाना आहे. कंडेन्सरमधून कूलिंग टॉवरकडे जाणारी सगळी उष्णता त्यात भरायची आणि शेजारच्या रकान्यात ही हानी पूर्ण थांबवण्याचा कालबद्ध आराखडा द्यायचा. सोलापूर जिल्ह्यातील एका चीफ इंजिनिअरांनी तिथे ‘शक्य नाही’ एवढेच लिहिले. त्यांना खुलासा मागणारे पत्र आले.

खरे तर हा खुलासा सादी कार्नो यांनी १८२४ मध्येच देऊन ठेवला आहे. उष्णतेतून सतत काम काढायचे तर तिचा काही भाग थंड बाजूला सोडावाच लागतो. किमान किती सोडायचा ते दोन तापमाने ठरवतात. तिथे ना टर्बाइन बनवणाऱ्याचे चालते, ना परिपत्रक काढणाऱ्याचे. ११० एटीए, ५४० अंशांची वाफ आणि ४५ अंशांचा कंडेन्सर घेतला, तर कमाल मर्यादा ६१ टक्के येते. तीही सगळी उष्णता ५४० अंशांवर दिली तर. प्रत्यक्षात त्या दाबाला पाणी ३१७ अंशांच्या आसपास उकळते आणि बरीचशी उष्णता तिथे किंवा त्याखालीच दिली जाते. टर्बाइनची स्वतःची घट धरली की सायकल ३५ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबते. त्याला बॉयलरच्या ७० टक्क्यांनी गुणले की हातात राहतात जेमतेम २५. कंडेन्सरमधली उष्णता शून्यावर आणा म्हणणे म्हणजे कोयनेच्या टर्बाइनमधून पाणी खाली जाऊ न देता वीज मागणे आहे.

पण या तक्त्याचा खरा घात वेगळ्याच ठिकाणी आहे. तो उष्णता फक्त मोजतो, ती कोणत्या तापमानाची आहे हे विचारत नाही. त्यामुळे पीआरडीएस या तक्त्यात निष्कलंक ठरतो. ६७ एटीए, ४८५ अंशांची वाफ व्हॉल्व्हमधून २.५ एटीएवर उतरवली, वर पाणी मारून ती थंड केली, तरी कॅलरीचा हिशेब चोख जुळतो आणि हानी दिसते शून्य! तीच वाफ बॅकप्रेशर टर्बाइनमधून नेली असती, तर टनामागे सुमारे १७० युनिट वीज मिळाली असती आणि इव्हॅपोरेटरला एक्झॉस्टही मिळाला असता. ताशी एक टन वाफ पीआरडीएसमधून दिवसभर गेली, तर चार हजार युनिट काढण्याची संधी कायमची जाते. पाणी मारल्याने वाफेचे वजन वाढते, बगॅस थोडा कमी लागतो, म्हणून बॉयलर हाउसला हा व्यवहार फायद्याचा वाटतो. बुडालेल्या विजेपुढे ती बचत किरकोळ आहे. ज्या तक्त्यात ही नासाडी उमटतच नाही, तो भरून घेण्यात कोणाचे भले आहे?

दुसरा गोंधळ बॉयलरच्या कार्यक्षमतेचा. ५० टक्के ओलाव्याच्या बगॅसचे जीसीव्ही किलोला सुमारे २,२७० किलोकॅलरी, एनसीव्ही सुमारे १,८००. एकच बॉयलर पहिल्या हिशेबाने ७० टक्क्यांचा, दुसऱ्याने ८८ टक्क्यांचा. कोणता हिशेब धरायचा हे तक्त्यात कुठेच लिहिलेले नाही. परिणाम असा, की जीसीव्हीवर प्रामाणिकपणे ७० लिहिणाऱ्याला ताकीद मिळाली आणि शेजारच्या तालुक्यात एनसीव्हीवर ८७ लिहिणाऱ्याचे कौतुक झाले. दोन्ही बॉयलर एकाच जातीचे, बगॅसही सारखाच. तक्ता तयार करताना एखाद्या को-जन मॅनेजरला अर्धा तास बोलावले असते, तरी हे टळले असते.

हे सारे साहेबांच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही. आपल्यातलेच कित्येक कारखाने हंगामभर पीआरडीएस उघडा ठेवतात, कारण पॅनवरून वाफेची ओरड आली की तो फिरवणे सगळ्यात सोपे. बिगरहंगामात कंडेन्सरचे तापमान ४५ वरून ५२ अंशांवर जाते, म्हणजे दाब ०.१० वरून ०.१४ एटीएवर, आणि दोष मात्र उन्हाळ्याला दिला जातो. ट्यूबवरची खपली, इजेक्टरची झीज, ग्लँडमधून शिरणारी हवा हे सारे आपल्या हातातले आहे. कार्नोंची मर्यादा खूप वर आहे. आपण तिच्या कितीतरी खाली अडलो आहोत, त्याला हा कामचुकारपणाही कारण आहे.

तेव्हा आमची विनंती ऐका. अग्निप्रदीपनाला अजून अवधी आहे. तोवर कंडेन्सर उघडून ट्यूब साफ करा, व्हॅक्यूमची गळती चाचणी घ्या आणि पीआरडीएसवर चालू स्थितीतला फ्लो मीटर बसवा. तक्त्यात जीसीव्ही आणि एनसीव्ही दोन्ही आकडे लिहा. कंडेन्सरच्या रकान्यात दोन तापमाने आणि त्यांवरून निघणारी मर्यादा मांडा. पीआरडीएसमधून गेलेली वाफ व त्यापायी बुडालेले युनिट यांचा वेगळा कागद जोडा, तक्ता मागत नसला तरी. या कागदाची एक प्रत आमच्याकडेही पाठवा. चार-पाच कारखान्यांचे कागद हाती आले, तरी ते घेऊन आम्ही तक्ता बदलून मागायला संबंधित कार्यालयात जाऊ. कार्यकारी संचालकांच्या सहीसाठी अडून राहू नका. चीफ इंजिनिअरची सही आम्हाला पुरेशी आहे.