ताडपत्रावरचे धम्मपद आणि डेन्मार्कचा विद्वान

आपल्या लवळ्यात वर्षावासात बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ग्रंथाचे वाचन होते. आधी त्रिसरण-पंचशील होते. ते लहान मुलांनाही तोंडपाठ आहे. पण पंचशीलातल्या ‘वेरमणी’चा अर्थ विचारला, तर आम्ही मोठी माणसेच एकमेकांच्या तोंडाकडे पाहतो. म्हणून आज एका परदेशी माणसाची ओळख करून देतो.

डेन्मार्क हा युरोपातला छोटा देश. तिथले भाषापंडित रास्मुस रास्क १८२० साली मुंबईत आले. पारशांच्या जुन्या धर्मग्रंथांचा त्यांनी इथे अभ्यास केला. पुढे श्रीलंकेत जाऊन ते पालि शिकले. तिथल्या भिक्खूंनी पिढ्यान्‌पिढ्या नकलून जपलेल्या पालि पोथ्या मिळवून १८२३ साली ते कोपनहेगनला परतले. १८३२ साली ते वारले, पोथ्या मात्र राहिल्या.

व्हिगो फाउसबोल यांचा जन्म १८२१ सालचा. शिक्षण ख्रिस्ती धर्मशास्त्राचे. पण बायबल शिकलेला हा तरुण बुद्धवचनाकडे वळला. कोपनहेगनमधल्या धम्मपदाच्या तीन पोथ्या त्यांनी समोर ठेवल्या. नकलताना एखाद्याकडून अक्षर सुटते, एखादा शब्द बदलतो. आम्ही कारकून मंडळी वह्यांचा ताळा घेतो, तसा त्यांनी ओळीओळीचा ताळा घेतला. १८५५ साली धम्मपदाच्या ४२३ गाथा लॅटिन भाषांतरासह छापून निघाल्या. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या आधी १०१ वर्षे!

एवढे काम करूनही प्राध्यापकपद लगेच मिळाले नाही. अनेक वर्षे त्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी केली. १८७८ साली ते संस्कृतचे प्राध्यापक झाले. १८८१ साली त्यांचा सुत्तनिपाताचा इंग्रजी अनुवाद निघाला. ५४७ जातककथांचे मूळ पालि संपादन १८७७ ते १८९६ असे चालले. १९०८ साली त्यांचे निधन झाले.

परक्याची आरती ओवाळावी म्हणून हे सांगत नाही. ज्या भूमीत तथागतांनी धम्म सांगितला, तिथेच पालि शिकवणारे उरले नव्हते. गोव्याच्या धर्मानंद कोसंबींना त्यासाठी १९०२ साली श्रीलंका गाठावी लागली. पुढे १९१२ पासून त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पालि शिकवली. ते कॉलेज लवळ्यापासून काही लांब नाही, पण तेव्हा आमच्या वाडवडिलांना गावच्या शाळेची पायरीही अवघड होती. बाबासाहेबांनी एवढ्या धबडग्यात स्वतः पालि शब्दकोश तयार केला. महाराष्ट्र शासनाने तो १९९८ साली सोळाव्या खंडात छापला.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीसोबत पालिलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंद आहे. पण आपल्या घरातल्या मुलाने पालि विषय घेतो म्हटले, की पहिला प्रश्न येतो, “त्याने पोट भरेल काय?” प्रश्न खोटा नाही. हातावर पोट असणाऱ्याने तो विचारायलाच हवा. मात्र नोकरी सांभाळूनही भाषा शिकता येते, हे फाउसबोल यांनी दाखवून दिले. शंभरातल्या एका मुलीने, एका मुलाने पालि घेतली, तरी विहारात अर्थ सांगणारे माणूस आपल्यातलेच असेल.

सुरुवात घरातून करू या. वेरमणी म्हणजे अलिप्त राहणे, दूर राहणे. पाचव्या शीलात दारूपासून दूर राहण्याचा शब्द आपण रोज देतो. तो कळून दिला तरच पाळला जाईल. येत्या पौर्णिमेला पंचशील म्हणताना एकेका शब्दाचा अर्थ मुलांना सांगा. आपल्याला येत नसेल, तर मुलांसोबत शिका.

जय भीम! नमो बुद्धाय!