बाग आपलीही आहे

"बागेत काय ठेवलंय? लेकरांना झोके आणि म्हाताऱ्यांना बाकडी!" असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. मधल्या वयाच्या बाईनं घडीभर बागेत नुसतं बसावं, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं.

सार्वजनिक बागेची कल्पना मात्र सगळ्यांसाठीच जन्माला आली. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळच्या बर्कनहेड गावानं १८४७ मध्ये सार्वजनिक पैशातून बाग उभारली. तळी, वळणावळणाच्या वाटा, गर्द झाडी आणि फाटक सर्वांना खुलं. १८६२ मध्ये मुंबईत भायखळ्याची राणीची बाग सुरू झाली. आज ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणून ओळखली जाते. आपण लेकरांना तिथले प्राणी दाखवून परततो. पण गोरखचिंच, उर्वशी, कैलासपती अशी जुनी झाडं हेच तिचं खरं वैभव. २००७ मध्ये कोट्यवधी रुपये खर्चून तिथलं प्राणिसंग्रहालय नव्यानं उभारायची योजना आली, तेव्हा या झाडांसाठी पुढे आल्या त्या प्रामुख्यानं बायकाच. त्यांनी झाडांची माहिती गोळा केली, लोकांना नेऊन ती दाखवली, दाद मागितली. मूळ आराखडा बदलावा लागला.

मला वाटतं, बाग वाचते ती तिथं रोज जाणाऱ्यांमुळे. नांदेडचं विसावा उद्यान असो की लातूरचं नाना-नानी पार्क, आपण जातो कधी? पाहुणे आले की, नाहीतर लेकरांच्या हट्टापायी. शिवाय घरची बाई मोकळी होते ती दुपारी, आणि नेमकं तेव्हाच बऱ्याच गावांत बागेला कुलूप असतं. स्वच्छतागृह नसेल, संध्याकाळी दिवे नसतील, तर ती बसणार तरी कशी?

कुणी म्हणेल, २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं बागेचे लाड कशाला? प्रश्न रास्त आहे. पण बाग म्हणजे नुसती हिरवळ आणि कारंजं नव्हे. कडुनिंब, वड, चिंच एकदा नीट रुजली की आपल्या कोरड्या हवेतही तगतात आणि मराठवाड्याच्या उन्हात सावली देतात. आपल्याला तीच हवी.

मैत्रिणींनो, पुढची भिशी बागेत भरवून बघा. कुलूप दिसलं, तर सगळ्याजणींच्या सह्यांचं निवेदन द्या. दुपारची वेळ, स्वच्छतागृह, दिवे आणि सावलीची झाडं मागा. एकटी बाई बागेत बसली की लोक बघतात. दहाजणी रोज बसायला लागल्या, की लोकांनाही सवय होते.